फाटकाबाहेरचे अब्बा

यासीन शारजाहून सुट्टीवर घरी आला, तेव्हा त्याची मुलगी अलिना पाण्याच्या पिंपामागे जाऊन लपली. तो गेला होता तेव्हा ती नुकती कुठे दुडूदुडू चालायला लागली होती. आता चार वर्षांची व्हायला आली होती.

"अगं, लपतेस काय? अब्बा आहेत ना तुझे!" फहमिदाने लेकीला दंडाला धरून पुढे आणलं.

अलिनाने यासीनकडे नीट निरखून पाहिलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "अब्बा ते."

फोटोतल्या यासीनला मिशी होती. समोर उभ्या असलेल्याने ती कधीच काढून टाकली होती. घरातले सगळे खो खो हसले, यासीनही हसला. पण त्याच रात्रीपासून तो मिशी वाढवू लागला, हे फक्त फहमिदाच्या ध्यानात आलं.

अलिना त्याच्याशी वाईट वागत नव्हती. उलट फारच चांगलं वागत होती. पाहुण्याशी वागावं तसं. आईशी हट्ट करायची, दादीच्या पाठीवर लोंबकळायची, आणि यासीनसमोर आली की हात मागे बांधून उभी राहायची. फहमिदा त्याला ज्या नावाने हाक मारी, तेच नाव तिने उचललं होतं. "अहो, अम्मी जेवायला बोलावतेय," असं सांगून ती पळून जाई. बंदरावर अजस्र क्रेन लीलया फिरवणाऱ्या यासीनला या एवढ्याशा पोरीशी काय बोलावं ते सुचत नसे.

जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचं ठरलं होतं. यासीन म्हणाला, "परत जाईपर्यंत रोज मीच सोडेन, मीच आणेन."

पहिल्या दिवशी तो तिच्याआधी तयार होऊन बसला. मोहल्ल्यातून निघून, सुक्या मासळीच्या दुकानांवरून, तळ्याच्या काठाकाठाने दोघं चालत गेले. त्याने बोट पुढे केलं होतं. तिने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

शाळेच्या फाटकाशी नुसता आकांत चालला होता. कुणी चिखलात लोळण घेतली होती, कुणी आईच्या पदराला गच्च धरून होतं. तळोज्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून तसाच आलेला गुरुदत्त नावाचा एक माणूस तिथे उभा होता. त्याच्या पोराने, अपूर्वने, त्याच्या पायाला मिठी घातली होती. गुरुदत्त ओशाळून यासीनला म्हणाला, "काय करावं सांगा. सोडतच नाही हो!"

यासीन त्या मिठीकडे बघत राहिला.

अलिना मात्र सरळ बालवाडीच्या पद्मजाबाईंपुढे गेली. "मी कुठे बसू?" तिने विचारलं, आणि बाईंनी दाखवलं तिकडे निघून गेली. यासीन हात वर करून उभा होता. ती वळली की हलवायचा म्हणून. ती वळलीच नाही.

पद्मजाबाई कौतुकाने म्हणाल्या, "नशीबवान आहात. असं मूल शंभरात एखादं."

"हो," यासीन म्हणाला आणि हात खाली घेतला.

घरी फहमिदा तांदूळ निवडत बसली होती. "रडली?"

"नाही."

"अल्लाचा शुक्र."

"एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही तिने."

फहमिदाचे हात सुपातच थांबले. "म्हणजे? रडायला हवी होती तुम्हाला?"

यासीन बाहेरच्या ओट्याकडे बघत राहिला. फहमिदा सूप बाजूला ठेवून म्हणाली, "रडली होती ती. मागच्या खेपेला. ती झोपेत असताना तुम्ही निघून गेलात ना, नंतर कितीतरी दिवस ती तुम्हाला शोधत होती. पलंगाखाली बघायची, कपाटाचं दार उघडून बघायची. दारावर थाप पडली की धावायची. मग हळूहळू थांबली."

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवून तुम्ही तिथे काय करणार होतात?"

त्या दिवशी शाळा सुटायच्या बऱ्याच आधी तो फाटकाशी जाऊन उभा राहिला.

मग रोजचं जाणं-येणं सुरू झालं. हळूहळू अलिनाची जीभ सैल होऊ लागली. अपूर्व आता रडत नाही, पण डबा खाताना उचकी लागते त्याला. बाईंच्या बांगड्या वाजल्या की समजायचं, त्या मागून येतायत. एकदा तळ्यापाशी तिने विचारलं, "तुमच्या घरी शाळा आहे?"

"माझं घर हेच की."

"मग तिकडे कोण राहतं?"

"तिकडे... मीच राहतो."

"मग ते तुमचं घर," तिने समजूत घातल्यासारखं सांगितलं. यासीनने वाद घातला नाही.

एकदा अरुंद गल्लीत समोरून म्हशींचा कळप आला. अलिना घाबरली. "अब्बा! अब्बा!" म्हणून ओरडली. यासीनला हाकेची सवयच नव्हती. कुणाचं तरी पोर बापाला हाक मारतंय, असं वाटून तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग एकदम उमगलं. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं. म्हशी निघून गेल्या, गल्ली मोकळी झाली, तरी त्याने तिला खाली ठेवलं नाही. तीही उतरते म्हणाली नाही. त्याचे केस मुठीत धरून घरापर्यंत बसून राहिली.

त्यानंतर बोट धरणं आलं, हट्ट आला, रुसणं आलं. एका दुपारी ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि पाय बधिर होईपर्यंत यासीन हलला नाही. आणि मग सुट्टी संपत आली.

"शाळेत असताना निघून जातो," तो फहमिदाला म्हणाला. "तिला त्रास नको."

"त्रास तिला नको की तुम्हाला?" फहमिदा म्हणाली. "या वेळी सांगून जा. पुन्हा तिने कपाटं उघडत फिरलेलं मला बघवणार नाही."

म्हणून त्याने सांगितलं. शाळेतून येताना, तळ्याच्या कठड्यावर तिला बसवून. अलिनाने सगळं ऐकून घेतलं. "उद्या मला सोडून मग जाणार?"

"हो. तुला सोडून, मग."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत ती शहाण्यासारखी आली. तो खाली वाकून म्हणाला, "जाऊ मी?" आणि तिने त्याचा शर्ट धरला. आधी नुसताच धरला. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिने जो टाहो फोडला, तो ऐकून आतली मुलंसुद्धा खिडकीशी आली. पहिल्या दिवशी यासीनने जे मनोमन मागितलं होतं, ते सगळंच्या सगळं त्याच्या पदरात पडलं होतं, आणि ते त्याला पेलवत नव्हतं.

पद्मजाबाई बाहेर आल्या. सगळा प्रकार त्यांच्या लक्षात आला. हलकेच म्हणाल्या, "तुम्ही जा. दिसेनासे झालात की थांबेल ती."

त्याने तिची बोटं स्वतःच सोडवली. एक सोडवलं की दुसरं घट्ट होई. शेवटी बाईंनी तिला कडेवर उचललं. यासीन कोपऱ्यावरून वळला आणि शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. या अल्ला, थांबू दे, तो पुटपुटत होता. थोड्या वेळाने ते कमी झालं. हुंदके राहिले. मग तेही गेले, आणि मुलांचा एकसुरात अंक म्हणण्याचा आवाज सुरू झाला. त्यात तिचा आवाज कोणता, हे त्याला ओळखता येईना. तो कान देऊन उभाच राहिला. आता तिने पुन्हा एकदा, थोडंसंच, रडावं असं त्याला वाटत होतं.

अपूर्वला सोडून परतणाऱ्या गुरुदत्तने त्याला तिथे पाहिलं. काय झालं असं विचारलं नाही. सायकल हातात धरून जरा वेळ बाजूला थांबला. "आमचा आता मागे वळूनसुद्धा बघत नाही," तो म्हणाला. "बरं वाटतं. आणि घरी गेलो की नाही वाटत." मग यासीनच्या खांद्यावर हात ठेवून तो गेला. यासीनला नेणारी टॅक्सी नाक्यावर येऊन थांबली होती.

शारजात शुक्रवारी सुट्टी असे, तेव्हा यासीन बूथवरून फोन करी. इकडे मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरच्या कमलाकरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. शाळा सुटल्यावर फहमिदा अलिनाला घेऊन तिथे यायची. एका शुक्रवारी फोन लागल्या लागल्या अलिना म्हणाली, "अब्बा, आज मी शाळेत रडले."

यासीनने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "का गं?"

"माझी पेन्सिल हरवली."

बूथबाहेर रांगेतली माणसं काचेवर बोटं वाजवू लागली होती. त्याने त्यांच्याकडे पाठ केली.

"मग? सापडली?"

"सांगते ना," अलिना म्हणाली, आणि अपूर्वने बाकाखाली कसं शोधलं, बाई काय म्हणाल्या, पेन्सिल कुणाच्या दप्तरात निघाली, हे ती पहिल्यापासून सांगू लागली.