मागच्या खोलीतला हिवाळा

"झाकायचं नाही, गुंडाळायचं नाही आणि पापणीला तर मुळीच लावायचं नाही," लेकीनं छोटी कुंडी टेबलावर ठेवत बजावलं. "ऐकतेयस ना, आई?"

"ऐकतेय. कान शाबूत आहेत माझे."

कुंडीत जाड, गुबगुबीत पानांचं झाड होतं. पानं एकावर एक अशी घट्ट बसलेली, की जणू कुणी दगडातून फूल कोरलं असावं.

"मागच्या खोलीत, खिडकीशी ठेव. दहा-बारा अंश त्याला पुरे. हिवाळ्यात हे झोपतं. पाणी महिन्यातून एकदा, तेही अर्धी वाटी. पाच अंशांच्या खाली मात्र जाऊ देऊ नकोस, पानं गोठतात."

"अगं, मागच्या खोलीत माणूस काकडतं!"

"म्हणूनच तिथे." लेकीनं कोटही काढला नव्हता. "दुसरं कुणी असतं तर तुझ्याकडे आणलं नसतं. मी पाच महिने कामावर बाहेर, घरमालक माझी खोली बंद ठेवणार आहे."

शिलाई मशीनवरून बाबांनी मान वर केली. "चहा तरी घे."

"गाडी चुकेल, बाबा."

आली तशी गेली.

पापणीबाई हे नाव आईला उबवणी केंद्रात पडलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्या अंडी उबवायच्या यंत्रांवर होत्या. यंत्राचा काटा काही म्हणो, बाई एक अंडं उचलायच्या, मिटल्या पापणीला टेकवायच्या आणि म्हणायच्या, "अर्धा अंश कमी आहे." थर्मामीटर लावून बघावं, तर अर्धा अंश कमीच. साडेसदतीस अंश, एकवीस दिवस, ना वर ना खाली. हा नेम त्यांनी घरीही आणला आणि एकुलत्या लेकीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण दीड वर्षापूर्वी जमीनमोजणीच्या कामावर लेकीची उंच, बर्फाळ भागात नेमणूक झाली, तेव्हा बाईंनी तिला न सांगता तिच्या ऑफिसात फोन केला. "तिची छाती नाजूक आहे हो. थंडी सोसायची नाही." छातीला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. नेमणूक दुसऱ्याला गेली.

लेकीला कळलं, पण तिनं आदळआपट केली नाही. "मी अंडं नाही, आई," एवढंच म्हणाली आणि आठवड्याभरात भाड्याच्या खोलीत राहायला गेली. त्यानंतर उंबऱ्यात पाऊल टाकलं ते आज. या वेळची नेमणूक तिची तिनं मिळवली होती.

हे झाड गेलं तर लेकही गेली, हे बाईंना सांगायला ज्योतिषी नको होता.

दोन दिवस त्यांनी कुंडी मागच्या खोलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पानाला बोट लावलं, तर पान गार. त्यांच्या धंद्यात गार पडलं म्हणजे संपलं. त्यांनी कुंडी उचलली आणि स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या फळीवर ठेवली. घोटभर पाणीही घातलं.

तिथल्या बाराव्या दिवशी झाडानं मान लांब काढली होती. पानं फिकी, एकमेकांपासून फटकून उभी.

"वाढलं की गं!" बाबा खूश झाले.

"वाढलं नाही हो, कासावीस झालंय." बाईंनी कुंडी फळीवरून खाली घेतली. "खोलीत ऊब जास्त झाली की पिल्लं अशीच माना ताणतात. रोज बघते मी, आणि घरात मला दिसलं नाही."

"जाऊ दे. मागे ठेव आणि तिला सांगू नकोस. चार महिन्यांत कुणाला कळणार?"

"मला कळणार ना. एकदा तिच्या पाठीमागे फोन केला तेवढा पुरे. आता तिलाच करते."

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं.

"आता कुठंय?" लेकीनं विचारलं.

"मागच्या खोलीत."

"परत हलवशील?"

"नाही."

"बघू," लेक म्हणाली.

त्या 'बघू'वर बाईंनी चार महिने काढले. केंद्रातल्या सुपरवायझरकडून जुना थर्मामीटर मागून आणला. तो हसला. "पापणीबाईंना थर्मामीटर? आता कोंबड्याही हसतील!"

"हसू देत. माझी पापणी एकच अंश शिकलीय, साहेब."

रोज सकाळी आंघोळ झाली की पहिलं काम मागच्या खोलीत. बारा. अकरा. तेरा. बघायचं, हात मागे बांधायचे आणि दार लोटून घ्यायचं. पहिले काही दिवस हात ऐकत नव्हते. मग ऐकायला लागले.

मग थंडीची लाट आली. पहाटे उठून बघतात तर पारा सातावर. बाबा चादर घेऊन धावले. "अगं, शेगडीजवळ ने!"

"पाच म्हणालीय ती. सात झालेत."

"पाच व्हायची वाट बघणार?"

"बघणार."

शाल पांघरून त्या स्टुलावर बसल्या. श्वासाची वाफ दिसत होती. सहा. उजाडता उजाडता साडेपाच. बाई उठल्या. खिडकीच्या काचेला वर्तमानपत्राच्या चार घड्या लावल्या, कुंडी काचेपासून हातभर आत सरकवली आणि पुन्हा बसल्या. शेगडीजवळ नेली नाही की पांघरूण घातलं नाही. ऊन काचेवर आलं तसा पारा सहावर चढला. कामावर त्या पाऊण तास उशिरा पोचल्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच.

लेक आली तेव्हा थंडी ओसरत होती, पण वारा बोचरा होता. चेहरा रापलेला, ओठ फुटलेले. एकदा खोकलीसुद्धा. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

मागच्या खोलीत लेकीनं कुंडी उजेडात धरली. खाली बोटभर उघडी, लांबट मान होती. तिच्यावर पुन्हा घट्ट मिटलेली पानं, कडांना लालसर.

"ही मान त्या बारा दिवसांची?"

"हो. ती काही मागे गेली नाही."

"जात नाही ती." लेकीनं वरच्या पानांवरून बोट फिरवलं. "वरचं छान राखलंस."

मग तिनं कोट काढला आणि खुर्ची ओढली. "बाबा, आज गाडी उशिराची आहे. चहा टाका."

दोन कप चहा झाला. बर्फाच्या, तंबूच्या गोष्टी झाल्या. निघताना ती म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात परत जातेय. याहून वर. कुंडी इथेच आणेन."

बाई म्हणाल्या, "आण. खोली रिकामीच असते."

लेकीनं एका हातात कुंडी घेतली, दुसऱ्यात पिशवी. कोट खांद्यावर नुसताच टाकलेला, गळा उघडा. बाईंनी दार उघडून धरलं. गार वारा घरात शिरला.

"येते गं, आई."

"ये."

लेक जिना उतरेपर्यंत बाईंनी दार तसंच उघडं धरलं होतं.