शरयूचं रुखवत

विमलबाईंनी रेशमाच्या सगळ्या लडी खाली काढायला लावल्या आणि एकीलाही हात लावला नाही, तेव्हाच मला शंका आली. घेणारं गिऱ्हाईक लडी उजेडात नेऊन रंग पाहतं, भावावरून कटकट करतं. ह्या बाई गादीवर बसून माझ्या डोक्यावरच्या दांडीकडे पाहत होत्या. दांडीवर माझ्या लेकीनं, शरयूनं भरलेली हत्तीची चादर टांगलेली होती. तिचं नवीन काही तयार झालं की महिनाभर मी ते दुकानात नमुना म्हणून लावी. कोणता दोरा मॅटीच्या कापडावर कसा दिसतो ते बोलत बसण्यापेक्षा बोट दाखवलं की काम भागे. मग ते घडी होऊन तिच्या पेटीत जाई.

"शालिग्रामभाऊ, लगन वीस दिवसावर आलं," विमलबाई म्हणाल्या. "आमच्या प्रेमलाले सुई ओवता येत नाही. अकोल्याले शिकाले ठेवली होती, सगळं शिकली, हे सोडून. बीबी गावचे सोयरे भलते चौकस लोक हायेत. रुखवतात पोरीच्या हातचं काही नसलं तर जन्मभर बोलून दाखवतीन."

मी म्हणालो, दोरा देतो, नक्षीचे कागद देतो, मणी हवे तेवढे देतो. त्यांनी मान हलवली आणि आवाज खाली आणला.

"शरयूची पेटी भरली हाये म्हणतात. तेच द्या आम्हाले. मी यांच्याशी बोलली. तुमच्याकडचे राह्यलेले साडेतीनशे हे सोडून देतीन."

हे म्हणजे त्यांचे यजमान महादेवराव. चिखलीतले धान्याचे अडते, आणि नऊ वर्षांपासून माझे सावकार. माणूस वाईट असता तर मी घरी येऊन दोन शिव्या हासडून मन मोकळं केलं असतं. पण ते भले गृहस्थ, हप्ता चुकला तर ओरडतही नसत, नुसतं "असू द्या" म्हणत. त्या "असू द्या"ची मला धास्ती वाटे.

कर्ज माझ्या स्वतःच्या शहाणपणाचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात एका शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी मला छातीठोक सांगितलं की आता नवीन राज्यात प्रत्येक मुलीला भरतकाम सक्तीचं होणार. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. मी महादेवरावांकडून पंधराशे रुपये उचलले आणि मुंबईहून चारशे लाकडी रिंगा, दोऱ्याच्या पेट्या, सुयांची पाकिटं असा माल मागवला. जूनमध्ये शाळा उघडली आणि मुलींच्या हातात तकल्या आल्या. सरकारनं सूतकताई ठरवली होती. बाई म्हणाल्या, "मले तरी काय माहीत?" त्या बदली होऊन गेल्या, रिंगा माझ्याकडे राहिल्या. नऊ वर्षांत किती विकल्या ते विचारू नका. काही माझ्या बायकोनं बरण्यांखाली ठेवायला घेतल्या.

शरयू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मेहकरकडचं एक स्थळ ठरल्यातच जमा होतं. मी कर्जात बुडालोय हे त्यांच्या कानावर गेलं आणि हुंड्याचा आकडा ते दर भेटीला वाढवत गेले, मी आपणहून नाही म्हणेपर्यंत. पुढं आणखी दोन-तीन स्थळं आली आणि तशीच गेली. तेवढ्यात ती अठ्ठावीस वर्षांची झाली. सबंध नऊ वर्षं ती दुकानात माझ्या शेजारी बसून न खपलेल्या दोऱ्यांतून स्वतःचं रुखवत भरत राहिली. गुलाबी दोऱ्याचा रंग उडून तो विकेनासा झाला की मोराला गुलाबी पिसं येत, हिरवा पडून असला की हत्तीवर हिरवी झूल. मी ते पाही आणि न पाहिल्यासारखं करी. बाप म्हणून मला दुसरं काही जमत नव्हतं.

विचारून सांगतो, असं विमलबाईंना म्हणालो खरं, पण विचारणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं? दुपारी जेवताना बायकोला, अन्नपूर्णेला, सांगितलं. तिनं वाढायचं थांबवलं. मला वाटलं साडेतीनशे ऐकून तिला जरा तरी बरं वाटेल. ती म्हणाली, "पेटी रिकामी करा, आन् गावाले सांगून टाका का आमची पोर आता घरातच बसली. एवढंच राह्यलं होतं." आणि उठून मोरीत जाऊन भांडी आपटायला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. पेटी भरलेली होती तोवर आम्हा तिघांनाही रोज एक थाप मारता येत होती, की आज ना उद्या कुणी येईल.

शरयू दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. चार वाजता पदर सारखा करून मला म्हणाली, "चला बाबा, महादेवकाकाकडे जाऊन येऊ." मला वाटलं नाही सांगायला निघाली. रस्ताभर मी मनातल्या मनात माफीची भाषा जुळवत होतो.

महादेवराव ओसरीवर हिशेब पाहत बसले होते. शरयूनं पाया पडून समोर बसकण मारली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"काका, वस्तू देते. पण सोडून द्यायचे काही नाही, इकत घ्या. चादर एकशे दहा. तोरण ऐंशी. मण्याची गजलक्ष्मी एकशे वीस. उशाच्या खोळी पन्नास, जाळीचा टेबलरुमाल चाळीस. चारशे झाले. साडेतीनशे बाबांचे वळते करा आन् पन्नास रोख द्या."

 नऊ वर्षं ज्या माणसापुढं मी मान वर केली नव्हती त्याच्याकडून माझी पोर पन्नास रुपये मागत होती. महादेवराव चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले, मग हसले, आणि म्हणाले, "शालिग्राम, दुकान इच्याकडे काऊन नाही दिलं तू?" त्यांनी आतून माझा कागद आणला, तिकिटावर सही असलेला, त्यावर 'फिटले' असं लिहिलं आणि पाच दहाच्या नोटा ठेवल्या. दारात येऊन उभ्या राहिलेल्या विमलबाई मात्र एक गोष्ट बोलून घ्यायला विसरल्या नाहीत. काम कुणाचं हे बाहेर जाता कामा नये. चिखलीतल्या बाया ओळखतील, पण त्यांना मी सांभाळते, म्हणाल्या. बीबीच्या लोकांना कळायला नको. शरयूनं शब्द दिला.

तो कागद अन्नपूर्णेनं चुलीत घातला. चहाला उकळी यायलासुद्धा तो पुरला नाही.

पुढचे तीन दिवस शरयू दुकानाच्या ओट्यावर बसून स्वतःचं नाव उसवत होती. प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्यात तिनं ते बारीक अक्षरांत भरलं होतं, कधी तांबड्यात, कधी निळ्यात. दोरा निघाला तरी मॅटीवर सुईची छिद्रं दिसत राहिली. पाणी शिंपडलं, नखानं घासून पाहिलं, बुजेनात. शेवटी तिनं त्यांवर एकेक कळी भरली आणि शेजारी प्रेमलाचं नाव घातलं. मी गिऱ्हाईक करीत होतो. मध्येच मला इतकं भरून आलं की मी आत जाऊन मण्यांच्या पुड्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. तिला म्हणायचं होतं, पोरी, माझं चुकलं. म्हटलं नाही. म्हणालो, चष्मा लावत जा, डोळ्यांवर ताण येतो.

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं. मांडवाच्या कडेला खोलीत रुखवत मांडलं होतं, लाडू-करंज्यांच्या पराती पुढं आणि मागं सगळं शरयूचं काम. चिखलीच्या बाया आत यायच्या, पाहायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि गप्प बाहेर पडायच्या. विमलबाईंनी सांभाळलं होतं खरं. मी दाराशी पान खात उभा होतो.

नवऱ्याकडची आत्या, तानाबाई, चार बायकांना घेऊन आली. बाई दुरून पाहणाऱ्यांतली नव्हती. तिनं चादरीचं टोक उचललं आणि उलटं केलं. जाणती बाई भरतकाम मागच्या बाजूनं पाहते, समोरून कुणाचंही बरं दिसतं. तिनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि नवरीला बोलावलं.

"सूनबाई, गाठ कुठं हाये वो? मले तर एकही सापडून नाही राह्यली. मारली कशी?"

प्रेमला अंगावरच्या शालूइतकी लाल झाली. तिला गाठ म्हणजे काय ते तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. विमलबाई काही बोलायला गेल्या आणि अडकल्या.  माझ्या मनात आलं, आता सांगावं, सगळ्यांसमोर सांगावं, हा हात माझ्या पोरीचा आहे. एकदाच. देवाशपथ, पाऊल उचललंही होतं.

तेवढ्यात भिंतीशी उभी असलेली शरयू पुढं झाली. "गाठ मारतच नाहीत मावशी. दोऱ्याचं टोक टाक्याखालून सरकवून नेतात आन् मंग कापतात. मलेही आधी जमत नव्हतं. प्रेमलानंच शिकवलं."

तानाबाईंनी प्रेमलाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बाकीच्या बायका वा वा करू लागल्या. बायकांत बसलेली अन्नपूर्णा तिथून उठून गेली. मी पंगतीत बसलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

दोन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, तानाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या. वैशाखात त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी नव्या सुनेला गळ घातली होती, पण ती म्हणे डोळे दुखतात, आणि म्हणे चिखलीत माझी शिष्या आहे, तिच्याकडे जा. प्रेमला तेवढं बरोबर शिकली होती.

"तशीच हत्तीची चादर पाह्यजे," तानाबाई म्हणाल्या. "काय घेशील?"

"एकशे दहा," शरयू म्हणाली.

"एकशे दहा तिच्या हातचे झाले, बाई. तू शिकाऊ. तिच्याइतकं साफ थोडंच जमन तुले? ऐंशी देईन."

माझं डोकं तापलं. नऊ वर्षं मी तोंड बंद ठेवलं ते कर्जापायी. आता मी कुणाचं पैचंही देणं लागत नव्हतो, भर बाजारात ओरडून सांगितलं असतं तरी माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. मी तोंड उघडलं. शरयूनं माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. तिनं शब्द दिला होता, आणि तो तिचा होता, माझा नव्हे.

"ऐंशी चालतीन मावशी," ती म्हणाली. "तिच्यासारखं नाही होणार. पण करून देईन." मग मला म्हणाली, "बाबा, अडीच वार मॅटी काढा."

मी ठाण खाली घेतलं, अडीच वार मोजलं, सगळ्या गिऱ्हाइकांना देतो तसं चार बोटं जास्त धरलं, आणि कापून तिच्या हातात दिलं.