बघ गो, किती दाखवता

मी टायरची हवा मोजणारा मीटर बोलतोय. बोलतोय कसला, करवादतोय म्हणा. खरं तेच सांगायचं आणि कोणी बघायचंच नाही, असं तुमच्या वाट्याला आलं असतं तर तुम्हीही करवादला असता.

माझा जन्म अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात झाला. पितळेचं अंग, काचेचा चेहरा, शून्यापासून शंभरपर्यंतचे बारीक आकडे आणि त्यांच्यावरून फिरणारा काटा. पाठीवर एक टोक आहे. त्याने टायरच्या तोंडातली पिन दाबली की जादा हवा फुस्सकन बाहेर पडते. तेजल नावाच्या मुलीने मला तपासलं. दोनदा पास झालो तरी तिने तिसऱ्यांदा लावलं आणि मगच माझ्या पाठीवर ‘ओके’ची हिरवी टिकली चिकटवली. डबीत तिने एक कागद घातला. ‘मीटर वर्षातून एकदा पारखून घ्यावा. वाळू व पाणी यांपासून जपावा.’ माझी एवढी काळजी नंतर कोणी केल्याचं मला आठवत नाही.

श्रुतिकाने मला घाटकोपरच्या दुकानातून विकत घेतलं. ती पवईला एका ऑफिसात नोकरी करते आणि बोरिवलीला आईवडिलांबरोबर राहते. तिचे वडील गुणाजी. त्यांनी तीस वर्षं डिझेलचा टेम्पो चालवला, आणि गेल्या वर्षी घरात विजेवर चालणारा नवा टेम्पो आला. श्रुतिकाने मोठ्या कौतुकाने मला त्यांच्या हातावर ठेवलं.

“बाबा, हवा रोज ह्याने मोज. बॅटरीमुळे ही गाडी जड आहे. हवेत गडबड चालत नाही तिला.”

“झकास,” गुणाजी म्हणाले आणि मला डॅशबोर्डच्या खणात टाकून दिलं. तिथे अगरबत्तीचा पुडा होता, सुकून कडक झालेलं लिंबू होतं आणि चुन्याची डबी होती. डबी गळत होती, म्हणून ती त्याच संध्याकाळी तेजलच्या कागदात गुंडाळली गेली. कागद कोणी वाचला नाही हे वेगळं सांगायला नको.

आता ह्या शहरात माणसं हवा कशी बघतात ते ऐका. बघायचं म्हणजे डोळ्यांनी, असा माझा भाबडा समज होता. गुणाजी टायरला लाथ मारतात. ढप्प आवाज आला की म्हणतात, “बरोबर आहे.” आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्या किरणकडे गेले तर म्हणतात, “हवा बघून घे रे.” बघून घे म्हणजे भर! ‘हवा बघ’ म्हटल्यावर कोणी हवा कमी केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. बरं, भरायची तीही मापाने नाही. गाडीच्या दारावर पन्नास लिहिलंय. गुणाजी म्हणणार, दोन जास्त टाक. किरण आपल्या मनाने आणखी चार टाकणार, लोड असतो म्हणून. आणि मी मोजमापाचा जीव, खणात लिंबाशेजारी पडून हे सगळं ऐकणार.

श्रुतिका समोर असली की मात्र मला बाहेर काढायचे. मी चोख छप्पन्न दाखवायचो. गुणाजी मला हातभर लांब धरायचे, मग जवळ आणायचे, मग पुन्हा लांब. डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, “बरोबर आहे.” पहिल्यांदा मला वाटलं, माणूस खोटारडा आहे. चौथ्या खेपेला उलगडा झाला. त्यांना जवळचं दिसतच नव्हतं. रस्त्यातला खड्डा शंभर पावलांवरून दिसायचा, पण माझा आकडा दिसायचा नाही.

हे घरात कळू द्यायचं नव्हतं त्यांना. शेजारच्या नंदूभाऊंचे डोळे अधू झाले तेव्हा मुलाने त्यांची रिक्षा विकून टाकली होती. तेव्हापासून नंदूभाऊ सोसायटीच्या गेटपाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेले असतात. ती खुर्ची गुणाजींना अगदी स्वच्छ दिसायची. म्हणून मला राग यायचा तसा त्यांचा कळवळाही यायचा. पण राग जास्त.

अशातच गुणाजींच्या बायकोला, सुगंधाबाईंना, पहिली मोठी ऑर्डर मिळाली. मनोरीला समुद्राकाठच्या एका बंगल्यात कोणा आजोबांची पंच्याहत्तरी होती. ऐंशी माणसं, कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. जेवण बरोबर एक वाजता. आदल्या दिवशी बंगल्यावरून फोन आला की गल्ली खणून ठेवलीय, शेवटचा तुकडा किनाऱ्यावरून यावं लागेल.

श्रुतिकाने लगेच बाबांना समोर बसवलं. “नीट ऐक. टच्च भरलेलं टायर मऊ वाळूत सुरीसारखं घुसतं. हवा कमी केली की ते पसरतं आणि गाडी वाळूवर तरते. वाळूच्या अलीकडे थांब, हवा बावीसवर आण. परत डांबरी रस्त्याला लागलास की भरून घे.”

“लोड घेऊन हवा काढू?” गुणाजींचा चेहरा असा झाला, जणू त्यांचीच हवा काढायला सांगितलीय.

“बाबा, बघशील ना?”

“बघतो गं.”

आणि बघितलीच त्यांनी! थेट किरणकडे गेले. “हवा बघून घे रे. उद्या मनोरीला जायचंय, लोड आहे.” किरणने बघितली. साठ. मी खणातून फुसफुस ऐकत होतो. कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाईंदरवरून वळसा घालून मनोरीला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. वाळूच्या तोंडाशी श्रुतिकाचा फोन आला. “हवा बघितलीस?”

“बघितली.”

“किती?”

“बरोबर आहे.”

गाडी वाळूत उतरली आणि तीस-चाळीस पावलांवर बसली. गुणाजींनी पाय दाबला. डिझेलची गाडी आधी गुरगुरते, कुरकुरते. ह्या विजेच्या गाडीचा सगळा जोर एका दमात चाकात उतरतो. चाकं गरागरा फिरली आणि त्यांनी स्वतःचाच खड्डा खणला. पुन्हा दाबला, आणखी खोल. तिसऱ्यांदा दाबल्यावर बॅटरीचं पोट वाळूला टेकलं. मागे भांड्यांवरची झाकणं खडखडली.

उलट्या होडीच्या सावलीत लवू नावाचा एक मनोरीचा माणूस जाळं विणत बसला होता. तो सावकाश उठून आला. “दादा, भरती लागलीय. तासाभरात पाणी इथं येईल. हवा सोडा ना थोडी.”

“हवा बघितलीय!” गुणाजी खेकसले.

“कोणी बघितली?” लवूने विचारलं.

वर्षभरात माझ्या मनातलं बोलणारा हा पहिला माणूस.

सुगंधाबाई मांडीवरचं सोलकढीचं पातेलं सांभाळत खाली उतरल्या. “लेकीने दिलेला तो मीटर खंय आसा?” त्यांनी लिंबू, अगरबत्ती बाजूला सारून मला बाहेर काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. गुणाजींनी मला टायरला लावलं. मी जीव तोडून साठ दाखवले. त्यांनी मला लांब धरलं, मग जवळ, मग लांब.

“बरो…” ते म्हणाले आणि थांबले. एक लाट मागच्या चाकाच्या दहा हातांवर येऊन फुटली. त्यांनी मला बायकोपुढे धरलं.

“सुगंधा,” ते हळूच म्हणाले, “बघ गो, किती दाखवता. माका दिसना नाय.”

सुगंधाबाईंनी आधी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघितलं. मग वाळूत गुडघे टेकले. “साठ,” त्या म्हणाल्या.

“साठ? त्या किरणाच्या तर…”

“किरणाक कशाक शिव्या घालतास? दाबा ती पिन.”

फुस्स! काय सांगू तुम्हाला, ज्यासाठी जन्मलो ते काम मला मिळालं. सुगंधाबाई मोठ्याने वाचत गेल्या. पन्नास, चाळीस, तीस, बावीस. चारही चाकांची पाळी झाली. तिसऱ्या चाकाला त्यांचा हळदीचा तेलकट हात निसटला आणि मी तोंडावर वाळूत आपटलो. त्यांनी मला पदराला पुसलं आणि पुन्हा लावलं. लवूने चाकांपुढची वाळू हाताने ओढली, एक फळी घातली. “आता हळू, दादा. पाय नुसता टेकवा.”

टायरं पसरली होती आणि गाडी वाळूवरून अलगद चालली. मागे आमच्या खड्ड्यात पाणी भरलं. सव्वा वाजता पंगत बसली. पंधरा मिनिटं उशीर झाला, म्हणून आजोबा तेवढे रुसले.

संध्याकाळी फोनवर श्रुतिकाने विचारलं, “बाबा, हवा किती होती खरं सांग.” गुणाजींनी मोठा श्वास घेतला. “साठ होती. आईने वाचली. मला जवळचं दिसत नाही गं. गाडी विकणार काय तू?”

“गाडी कशाला विकू? चष्मा करूया ना, यार बाबा!”

आता खणात माझ्या शेजारी चष्मा असतो. गुणाजी रोज सकाळी सवयीने टायरला लाथ मारतात, मग चष्मा लावतात, वाकतात, मला टायरला लावतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. “पन्नास!” सोसायटीभर ऐकू जातं. नंदूभाऊ खुर्चीतून मान हलवतात.

आणि हे शेहेचाळीस असतात हो! त्या दिवशी मनोरीची वाळू माझ्या पोटात गेली. तेव्हापासून माझा काटा चार जास्त दाखवतो. वर्षभर खरं सांगत होतो तेव्हा कोणी वाचलं नाही. आता हा माणूस डोळ्यांत तेल घालून वाचतो, विश्वास ठेवतो, भरलेला टेम्पो घेऊन हायवेला लागतो, आणि मी त्याला खोटं सांगतोय. मीटर पारखून घ्या म्हणणारा कागद चुन्यात गेला. मला तोंड नाही, काटा आहे, आणि तोच बिघडलाय.

श्रुतिका, रविवारी बाबांबरोबर टेम्पो धुवायला येतेस ना, तेव्हा मला एकदा कानाशी धर आणि हलव. आत वाळू खुळखुळते. बाबांना दिसणार नाही ती. तू तरी ऐक गं.