रिकाम्या खोलीतली लस

वादळाने केळी आडवी झाली आणि विजेचे खांबही. त्याच दुपारी एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन मला भुसावळला जावं लागलं, कारण आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हते. आहेत त्यांच्याकडे दोन केंद्रांचा कारभार, आणि त्या आठवड्यात ते जळगावला प्रशिक्षणाला गेलेले. विषय काय, तर संकटात आरोग्यव्यवस्था तग कशी धरते. ऐकून हसायचीही ताकद नव्हती.

रस्ता मोकळा व्हायला दोन-तीन दिवस गेले. परत आले तर लशींचा फ्रिज उघडा आणि रिकामा. दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं, गावभरची तान्ही पोरं येणार होती. आमचा शिपाई झुलाल मात्र खुशीत. फ्रिजातला गारवा संपायला आला तेव्हा त्याने सगळ्या लशी बन्सीलालभाऊंच्या केळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. तिथे जनरेटर आहे ना. सिस्टर, एक थेंब वाया जाऊ दिला नाही, म्हणाला.

मी तशीच पळत गेले, झुलाल मागोमाग. भाऊंनी स्वतः दार उघडलं. आत केळीचा एकही क्रेट नव्हता. ठेवणार काय, बागच भुईसपाट झाली होती. डिझेलची मारामार असताना हा माणूस त्या रिकाम्या खोलीत एका डब्यासाठी जनरेटर चालवत बसला होता. आत गेल्यावर अंगावर काटा आला, इतकं गार. भिंतीवरच्या मापकावर तापमान पाहिलं. तेरा अंश.

केळीला तेराच लागतं, त्याखाली ती काळी पडते. लस आठाच्या वर गेली की तिचा भरवसा देता येत नाही.

फोन नुकताच लागायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वापरू नका, परत पाठवा, नवा साठा येईल तेव्हा येईल. बाटल्या तर जशाच्या तशा दिसत होत्या. खरं सांगते, मन डळमळलं. एकदा परत पाठवलेली आई पुन्हा लवकर येत नाही. पण उद्याच्या रांगेत भाऊंची नातही असणार होती. तिच्या मांडीत मी काय टोचणार होते?

मग सांगितलं. जीव तोडून केलेलं काम वाया गेलं, हे सांगायची पाळी दर वेळी माझ्यावरच का येते, याचा फार राग आला. झुलालने डबा उघडून बाटल्या पुन्हा निरखून पाहिल्या. भाऊंनी जाऊन जनरेटर बंद केला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"आम्ही तं केळासारखीच जपली, सिस्टर," ते म्हणाले. "चुकलं आमचं. पण तव्हा इचारायचं कोणाले व्हतं?"

मी मनातल्या मनात नावं मोजली. डॉक्टर जळगावला, मी भुसावळला, टॉवर पडलेला.