डोळ्याभोवतीचं पांढरं कडं

"यात पक्षी कुठाय?" मी विचारलं.

मामानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा काय."

मी बाहीनं स्क्रीन पुसली. पक्षी गेला.

"धूळ होती ती," मामा शांतपणे म्हणाला. "पक्षी तिच्या डावीकडे."

डावीकडे खरोखरच पक्षी होता. तिळाएवढा. बाकी फोटोभर तळं, धुकं, एक विजेची तार आणि काठावर उलटी पडलेली बादली. बादली फार सुरेख आली होती.

मामानं तेहतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासले. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि पक्ष्यांच्या मागे लागला. मागे लागला म्हणजे फारच मागे. "उगाच कुणाच्या अंगचटीला जाऊ नये," असं त्याचं तत्त्व. पक्षिमित्र मंडळातल्या बाकीच्या सत्तावीस जणांकडे तोफेसारख्या लेन्सा होत्या आणि असलं कुठलंही तत्त्व नव्हतं. मंडळ दर वर्षी बारा फोटोंचं कॅलेंडर काढायचं. सहा वर्षं मामानं फोटो पाठवले आणि सहा वर्षं त्याचं नाव मागच्या पानावर 'विशेष सहकार्य' म्हणून छापून आलं. सहकार्य म्हणजे सभेला खुर्च्या मांडणं.

"एक महिना मिळाला तरी बास," तो म्हणायचा. "फेब्रुवारी का असेना. तसाही त्याला कोण विचारतं?"

मी फोटो स्टुडिओत कामाला. पासपोर्टच्या फोटोंतले मुरूम घालवणं हे माझं खातं. म्हणून मामा माझ्याकडे आला होता. बारा वाजेपर्यंत फोटो पाठवायचा होता.

आधी फोटो कापला. तळं गेलं, तार गेली. बादली जाताना मामा हळहळला. पक्षी मोठा झाला, पण त्याच्या अंगभर रवा उमटला. उजेड कमी असला की फोटोत असे दाणे येतात. आमच्या धंद्यात त्याला नॉइज म्हणतात. मी नॉइज काढला. रवा गेला आणि जाताना पिसंही घेऊन गेला. फांदीवर आता चोच असलेली साबणाची वडी बसली होती.

"मघाशी याला डोळा होता रे," मामा म्हणाला.

"आणतो परत," मी म्हणालो आणि शार्पनिंगची पट्टी सरकवायला लागलो. ती उजवीकडे नेली की फोटोतल्या कडा ठळक होत जातात. "आता बरं दिसतंय की मघाशी?"

मामाचा चेहरा एकदम उजळला. तेहतीस वर्षं हा प्रश्न त्यानंच जगाला विचारला होता. त्याला कुणी विचारायची ही पहिलीच वेळ.

"आता," तो खुर्चीत ताठ बसून म्हणाला. "आता... आता... हां, बास. याच्यापुढे नंबर जास्त होतो. अक्षर दिसतं काळंभोर, पण ते खरं नसतं."

तेवढ्यात मामीचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मी पट्टी आणखी थोडी सरकवली. थोडी म्हणजे शेवटपर्यंत. आणि फोटो पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरी मामाच्या घरी हजर. निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे सगळं मंडळ त्यांना बाई म्हणतं आणि त्यांच्यासमोर हाताची घडी घालतं.

"महिना नाही," बाई म्हणाल्या. "मुखपृष्ठ!"

मामीच्या हातातली बशी वाजली. "अहो, बसा आधी," ती मामाला म्हणाली. तो बसलेलाच होता.

झालं होतं असं, की फोटोत पक्ष्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं दिसत होतं. आपला वटवट्या तो, चार पैशांचा तपकिरी पक्षी. त्याला असलं कडं नसतं. पण त्याचा एक लांबचा भाऊबंद म्हणे समुद्रापलीकडे राहतो, त्याला असतं. तो इकडे आजवर कुणाला दिसलेला नव्हता.

"आज पहाटे बावीस जण तळ्यावर होते," बाई म्हणाल्या. "दातांचे डॉक्टर तर झुडूप होऊन बसलेले. पानंबिनं लावून. एक कुत्रं आलं आणि..."

"आणि?"

"झुडूपच समजलं ते. पण डॉक्टर हलले नाहीत. आणि पाच जणांना दिसला हो तो! कड्यासकट!"

बाई गेल्यावर मामानं दुकानातलं जुनं भिंग काढलं आणि त्यांनी दिलेल्या छापील फोटोवर वाकला. बराच वेळ वाकला. मी सोफ्याचे धागे मोजत होतो.

"भाच्या," तो वर न बघता म्हणाला, "डोळ्याला कडं आहे, मान्य. पण फांदीला कशाला?"

फांदीला होतं. पानांना होतं. नीट पाहिलं तर पायाच्या नखांनासुद्धा होतं. सगळ्या फोटोला चष्मा लागला होता.

"मामा, ती पट्टी जरा जास्त सरकली माझ्याकडून. फार ओढली की कडांना असं पांढरं येतं," मी म्हणालो. "पण आता गप्प बस ना. कुणाचं काय जातंय? मुखपृष्ठ आहे! शिवाय पाच जणांना दिसलाय."

"मी रिकामी फ्रेम लावून विचारायचो, आता कसं दिसतंय? दहातले सात म्हणायचे, एकदम स्वच्छ. त्यांना काय चष्मा द्यायचा होता मी?"

"अहो, पण सहा वर्षं..." मामी म्हणाली आणि पुढचं तिनं गिळलं.

"मी उभा होतो ना तिथं," मामा म्हणाला. "वटवट्या होता तो. उद्या कुणी पुस्तकात लिहील, इथे हा सापडला. त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं, तू समुद्र कधी ओलांडलास, तर काय सांगेल तो?"

त्या रविवारी सभेत मामानं आधी खुर्च्या मांडल्या आणि मग उठून सगळं सांगितलं. माझं नाव न घेता, "आमच्याकडून" असं म्हणाला. सभागृहात अशी शांतता पसरली की पंख्याला संकोच वाटावा. झुडूप झालेले डॉक्टर म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती." ज्या पाच जणांना पक्षी दिसला होता, ते पाचही जण बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकले. त्यातल्या दोघांच्या पायांत चपला होत्या.

मुखपृष्ठ डॉक्टरांच्या बगळ्याला गेलं. बाकीचे महिने आधीच वाटून झाले होते, फेब्रुवारीसकट.

"मूळ फोटो तरी दाखवा," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता की काय, कळलं नाही. मुख्याध्यापिकांचं ते नेहमीच कळत नाही.

मी प्रोजेक्टर लावला. पडदा फाटलेला, म्हणून भिंतीवरच. अख्खं तळं पसरलं, न कापलेलं, धुक्यासकट, रव्यासकट. सत्तावीस माणसं पक्षी शोधायला लागली. कुणी खिळ्याच्या भोकाला पक्षी म्हणालं, कुणी ओलीच्या डागाला. एकेक जण खुर्ची सोडून भिंतीपाशी जाऊ लागला. बाईही गेल्या, चष्मा कपाळावर चढवून, अंगात पांढराशुभ्र स्वेटर. भिंतीला नाक लावून त्या म्हणाल्या, "नाही बाई, मला काही दिसत नाही."

"बाई," मामा मागून हळूच म्हणाला, "हलू नका."

भिंतीवर पडणारं तळं आता बाईंच्या पाठीवर पडलं होतं. आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर, पांढऱ्या लोकरीवर, वटवट्या बसला होता. तिळाचा आता चिंचोका झालेला, शेपटी वर केलेला, चक्क ओळखू येणारा.

सगळे दोन पावलं मागे सरकले. डॉक्टरांनी हळूच खाली बसून घेतलं. बाईंना स्वतःचा खांदा दिसत नव्हता, पण त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"गेला का?" थोड्या वेळानं त्यांनी पुटपुटत विचारलं.

"नाही," मामा म्हणाला. "आहे अजून."