आधी वरचा बोल्ट

मेस्त्रीच्या गॅरेजात नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला एक धडा मिळायचा. गाडीखालच्या कुठल्याही गिअरच्या पेटीतलं जुनं तेल काढायचं असेल तर आधी वरचा बोल्ट सोडवून बघायचा, ज्यातून नवं तेल भरतात तो. तो सुटला तरच खालच्याला, जुनं तेल सोडणाऱ्याला, हात लावायचा. "वरचा गंजून बसला असेल आणि तू खालून सगळं ओतून मोकळा झालास, तर गाडीवाल्याला काय दाखवणार? थोबाड?" हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता की शेजारचा पंक्चरवाला त्याची नक्कल करून दाखवायचा, आणि मेस्त्रीची बायको जेवताना त्याच्या आधीच ते पुरं करायची.

लोकांच्या गाड्यांच्या बाबतीत हा माणूस डोळ्यांत तेल घालून असायचा. चारही चाकांनी ओढणारी गाडी आली की पहिला प्रश्न, ट्रान्सफर केसचं तेल कधी बदललंय? गिऱ्हाईक गोंधळलं की समजावायचा : इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटून देणारी ती पेटी, तिच्यातही तेल असतं आणि तेही म्हातारं होतं. साधारण साठ-सत्तर हजार किलोमीटरला बदला, रस्ते चढाचे आणि चिखलाचे असतील तर त्याच्या निम्म्यात. आणि वळताना गाडी आतून धरल्यासारखी वाटली, तर आकडे बघत बसू नका, सरळ घेऊन या.

त्याची स्वतःची गाडी त्याच जातीची होती आणि तिचं तेल त्याने कधीच बदललं नव्हतं. आज करू, उद्या करू. घरच्या गाडीचा नंबर रांगेत कायम शेवटचा.

काही वर्षांपूर्वी बायकोच त्याला म्हणाली होती, "अहो, वळताना ही आत कुठेतरी धरते हो. माझंही हल्ली तसंच होतंय बघा. कूस बदलली की आतून धरतं."

"दोघीही जुन्या झालात," तो हसून म्हणाला होता. "घेऊ एकदा दोघींना कामाला."

तीही हसली होती. विनोद बरा जमला म्हणून त्याने तो दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्यालाही ऐकवला. तिला डॉक्टरकडे न्यायला मात्र त्यानंतर वर्ष उलटलं, आणि तोवर आतलं दुखणं जिथे जिथे पसरायचं तिथे पसरून बसलं होतं.

आता दवाखान्याने हात टेकले होते आणि ती घरी होती. तिला एकच हवं होतं, आईला भेटायचं. आई वर डोंगरात, धाकट्या भावाकडे, अंथरुणाला खिळलेली. कानांनी ठार बहिरी. फोन लावून दिला तर तो गालाशी धरून नुसती हसत बसायची. म्हणजे भेटायचं तर समोर बसून, हातात हात घेऊनच. शेवटची चढण सगळी चिखलाची, तिथे साध्या गाडीचं काम नव्हतं. आणि सीट आडवी करून झोपून गेल्याशिवाय तिला प्रवास झेपणार नव्हता. डॉक्टरांनी मेस्त्रीला बाजूला घेऊन सांगितलं, "न्यायचं असेल तर लगेच न्या. पुढच्या आठवड्याचं मी काही सांगत नाही."

उद्या सकाळी निघायचं ठरलं.

दुपारी गॅरेजकडे येताना कोपऱ्यावर वळताना गाडीने जोराचा हिसका दिला. ही चढणीवर मध्येच बसली आणि मागे ती तशी आडवी असली, तर? त्याने गाडी जॅकवर उचलून घेतली, खाली शिरला, पाना हातात घेतला आणि खालचा बोल्ट सोडला.

का सोडला, याचं उत्तर नंतर कितीही डोकं खाजवलं तरी त्याला एकच सापडलं. त्याला आधी तेल बघायचं होतं. कितपत वाट लागली आहे, ही उद्या पोचवेल की नाही, ते आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं. माणूस भ्यायला की त्याचे सगळे धडे बोंबलतात.

तेल काळंकुट्ट आलं, आणि त्यात लोखंडाच्या चुऱ्याची चमक. पण मोठा तुकडा एकही नव्हता. आतल्या गिअरचे दात शाबूत असणार. नवं तेल घातलं की एवढी एक खेप ही नक्की मारेल, असं वाटून त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्याने खालचा बोल्ट पुसून परत बसवला, नव्या तेलाचा डबा जवळ ओढला आणि वरच्या बोल्टला पाना लावला.

बोल्ट जागचा हलला नाही. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

त्याने गंज सोडवायचं औषध मारलं, वाट पाहिली, पुन्हा जोर लावला. बोल्टचे कोपरे झिजून तो गोल झाला. त्याने बर्नर धरला. मग छन्नी लावून हातोडीचे घाव घालू लागला. आवाज ऐकून पंक्चरवाला आला आणि खाली वाकला.

"मेस्त्री, थांबा. फुटेल ती. उद्या बघू."

"उद्या तिला न्यायचंय!" मेस्त्री ओरडला आणि त्याने पुढचा घाव घातला.

पेटीला बोल्टच्या भोकापासून खालपर्यंत तडा गेला. तड्यावरून बोट फिरवायचीही गरज नव्हती, दिसत होतं. नवी पेटी यायला पंधरवडा तरी लागला असता. पंक्चरवाल्याने आपणहून लाकडाच्या वखारीत फोन लावला, जवळपास तसली दुसरी जीप त्यांच्याकडेच होती. ती माल घेऊन लांब गेली होती आणि आठवडाभर येणार नव्हती. बायकोच्या भावाकडे तर सायकलसुद्धा नव्हती.

मेस्त्री पायी घरी गेला. आपल्या हातांची त्याला किळस आली होती. शेकडो लोकांच्या गाड्या या हातांनी रस्त्याला लागल्या होत्या, आणि आपलं माणूस याच हातांनी घरात अडकवलं होतं.

ती पलंगावर नव्हती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, बाहेर जायचे कपडे घालून, केस विंचरून. पायाशी पिशवी भरून ठेवलेली. पायांत बूट होते.

"उद्या जमतंय का ते आजच करून बघितलं," ती म्हणाली. तिला धाप लागली होती, पण चेहरा उजळलेला होता. "बघा, बुटांची नाडीसुद्धा माझी मीच बांधली. कुणाला हाक मारली नाही. झालं का गाडीचं?"

त्याने सांगितलं. दारातच उभा राहून, तिच्याकडे न बघता, सगळं. खोटं बोलायचं त्याने वाटेत ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

तिने बुटांकडे बघितलं.

"आधी वरचा बोल्ट सोडायचा असतो ना हो," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"हो."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोसला असता. तो नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, एवढंच.

मग तिने पाय थोडे पुढे केले. "काढा हे," ती म्हणाली. "मला आता वाकवणार नाही."

मेस्त्री खाली बसला आणि तिच्या बुटाच्या नाडीची गाठ सोडू लागला.