उजवीकडचा गोल

वच्छलाने लुगड्याचा काष्टा पुन्हा एकदा ओढून घट्ट केला, डाव्या हातात खांबाला बांधलेला दोर धरला आणि पाय सोडून दिले. जिनिंगच्या छपराखालच्या सिमेंटवर जोड्यांची लोखंडी चाकं आधी खरखरली, मग आवाज एकसारखा झाला आणि मधल्या खांबाभोवती ती फिरू लागली. कापसाचा हंगाम केव्हाच आटोपला होता, तरी पत्र्याखाली आणि कोपऱ्याकोपऱ्यांत रुई चिकटून राहिली होती. सकाळच्या तिरप्या उन्हात तिचे तंतू तरंगत, आणि वच्छलाने वेग घेतला की तेही तिच्या मागोमाग फिरत.

बाजूला पोत्यावर तिचा नवरा चंद्रभान बसला होता. बायको समोरून गेली की तो जिभेने टक् टक् करायचा.

"अवो, बैल समजले काय मले?"

"बैल असती त एवढ्यात गहू मळून झाला असता," चंद्रभान म्हणाला.

दोराची युक्ती त्याचीच होती. खळ्यात मधोमध मेढ रोवतात, बैलांचं दावं तिला सैल बांधतात आणि बैल मेढ डाव्या अंगाला ठेवून फिरत राहतात. ना आत येत, ना बाहेर जात. बायकोला गोल फिरायचंय म्हटल्यावर शेतकऱ्याला दुसरं काय सुचणार? आता खरं तर तिला दोराची गरज उरली नव्हती. सवय म्हणून पहिले काही फेरे ती तो धरायची आणि मग सोडून द्यायची. खाली खडूने आखलेली रेघ कधीच पुसली गेली होती, पण वच्छलाच्या पायांना ती अजून दिसत होती. डोळे मिटले तरी दिसत होती. दोर सुटला की तिला वाटायचं, आता आपल्याला वजन नाही, नाव नाही, आपण कोणाची सून नाही की भाजीवाली नाही. हे एवढं सुख आपल्या वाट्याला कसं काय आलं, याचंच तिला नवल वाटे.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते वर्ध्यात. सेलूच्या मळ्यात ती आणि चंद्रभान वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावत आणि वच्छला ती भाजी वर्ध्यात घरोघरी पोचवी. मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई, शोभाबाई, तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्या घरी नवा टीव्ही आला होता. पाटी उतरवता उतरवता वच्छलाची नजर पडद्यावर गेली आणि मेथीची जुडी हातातच राहिली. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर एक बाई चालत नव्हती, पळत नव्हती, नुसती वाहत होती.

"बाई, थे कायच्यावर चालून राह्यली?"

"बर्फावर."

वच्छलाला बर्फ माहीत होता तो शरबतवाल्याच्या गाडीवरचा, भुशात गुंडाळलेला. तेवढा बर्फ जमिनीभर पसरला तर कसा दिसेल, याचा ती विचार करत राहिली.

"असं शिकाले काय लागते?"

"बर्फ लागतो," शोभाबाई हसल्या. "तो नसेल तर चाकं. मी नागपूरला चाकांवरच शिकले."

त्या थट्टेने म्हणाल्या होत्या, पण वच्छला दुसऱ्या दिवशी चाकं मागायला दारात हजर. शेजारणी ज्या वयात लेकींसाठी स्थळं बघू लागल्या होत्या, त्या वयात ती शोभाबाईंच्या फरशीवर रोज आपटू लागली. गुडघे फुटले, कंबर धरली, गावाने 'चाकवाली' असं नावही ठेवून दिलं. तिने मनावर घेतलं नाही. हौसेला मोल नसतं, आणि अंगाला लागलेलं मळ्यातल्या कामात कळतही नाही.

शोभाबाई एकदा सेलूला येऊन जिनिंगची जागा बघून गेल्या. चौकीदार नत्थूजीने फाटक उघडून दिलं. बाईंनी खांबाभोवती खडूने मोठा गोल आखला आणि म्हणाल्या, "दसऱ्याच्या सुट्टीत नागपूरला परीक्षा असते. मोठ्यांनाही बसता येतं. पास झालीस की स्पर्धेत उतरशील. पण आधी गोल. रेघ सोडायची नाही. पुढचं मी परत आले की सांगते."

जून लागला आणि त्यांची बदली अमरावतीला झाली. जाताना त्यांनी आपले जुने चाकाचे जोडे वच्छलाला दिले. पुढचं सांगायचं राहून गेलं.

घरात तिची सासू मनकर्णाबाई वर्षभर धुसफुसत होती. मात्र सून पाचवारी पातळात त्या चाकांवर चढते हे कळलं, तेव्हा तिने आपलंच जुनं नऊवारी लुगडं काढून दिलं होतं. "काष्टा मारत जा. पदर पायात आला त तोंड फुटन." नागपूरला जायच्या आदल्या दिवशी तिने सुनेला समोर बसवलं.

"एक डाव जाऊन ये. पास झाली त मी हूं का चूं करनार नाई. नापास झाली त घरी आल्यावर थे जोडे माळ्यावर. कबूल?"

"कबूल, आत्याबाई."

रात्री वच्छलाने जोड्यांच्या चाकांना तेल दिलं. माळ्याकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

नागपूरच्या त्या मैदानावर फरशी अशी होती की चंद्रभानने वहाणा काढून हातात घेतल्या. वच्छलाने पाहिलं, फरशीवर पांढऱ्या रंगात दोन गोल होते, एकमेकांना टेकलेले. एक पोरांचा असेल, एक मोठ्यांचा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. भोवती आखूड झग्यातल्या पोरीच पोरी. लुगडं पाहून त्या खुदखुदल्या, आणि वच्छलाही त्यांच्याबरोबर हसली.

मग एका पोरीचा नंबर लागला. डाव्या गोलावरून ती सुरेख फिरून आली, जिथे दोन्ही गोल टेकतात तिथे तिने पाय बदलला आणि तशीच उजव्या गोलावर निघाली, उलट्या दिशेने. इंग्रजी आठाचा आकडा पुरा झाला.

वच्छलाने चंद्रभानचा दंड धरला.

"अवो, थे त दोन्हीकडून फिरा लागते."

"काय म्हनतं?"

"मी त डावीकडूनच फिरली. वर्षभर."

चंद्रभान दोन्ही गोलांकडे बघत राहिला. त्याचं तोंड उतरलं. "खळ्यात बैल कोनी उलटे फिरवत नाई, म्हनून मी..." तो म्हणाला.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

वच्छला रेघेवर उभी राहिली. परत फिरावं असं तिला वाटलं, पण पाय आधीच निघाले होते. आणि मग जिनिंगमध्ये रोज व्हायचं तेच झालं. माणसं पुसट झाली, पोरींचा गलका लांब गेला. फरशी पांढरी होत गेली, पांढरी आणि थंड, टीव्हीत होती तशी. आणि तिच्यावरून कोणीतरी बाई वाहत होती, आणि ती बाई आपणच आहोत हे वच्छलाला लख्ख कळत होतं. परीक्षक पांढरे बूट घातलेले एक वयस्क गृहस्थ होते. ते खुर्चीतून उठून जवळ आले आणि तिची चाकं रेघेवरून कशी जातात ते वाकून बघू लागले.

गोल जुळला. वच्छलाने पाय बदलला, अंग उजवीकडे झुकवलं, आणि धप्पकन बसली.

ती उठली, पुन्हा दोन्ही गोलांच्या टेकणीवर आली, पुन्हा झुकली. उजवा पाय मुळी तिचा नव्हताच. ती पुन्हा पडली. या वेळी कोणी हसलं नाही.

"असू द्या, ताई," परीक्षक म्हणाले. त्यांनी हात देऊन तिला उठवलं. "डावा गोल इतका स्वच्छ मी फार थोड्यांचा पाहिलाय. पण आकडा अर्धाच झाला. पास करता येणार नाही मला. शिकवलं कोणी तुम्हाला?"

वच्छलाने बाकावरच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

"बाईनं शिकवलं, अन् घरच्यानं," ती म्हणाली. "चांगलं शिकवलं."

"पुढच्या वर्षी या."

तिने मान डोलावली. पुढच्या वर्षी जोडे कुठे असतील, ते त्यांना काय सांगायचं?

दुपार कलली तशी पोरी आयांबरोबर घरी गेल्या. परीक्षकही गेले. मैदानाच्या चौकीदाराने एका टोकाकडून झाडायला घेतलं. चंद्रभान वच्छलाच्या पायाशी उकिडवा बसला आणि जोड्यांचे पट्टे सोडू लागला. ती रडत होती, आवाज न करता, आणि डोळेही पुसत नव्हती.

"बुढीले सांगू का, परीक्षाच झाली नाई," तो म्हणाला.

"खोटं नोका बोलू. म्या शब्द देला हाय."

"मंग?"

"मंग काय? घरी गेल्यावर माळ्यावर ठेवा लागते."

हे बोलता बोलता ती थांबली. समोर दोन्ही गोल रिकामे पडले होते आणि उन्हात चमकत होते. तिने नाक ओढलं, खाली वाकली आणि चंद्रभानने सोडलेला पट्टा स्वतःच पुन्हा आवळला.

"काय करून राह्यली व?"

"आपन अजून घरी कुठं गेलो?"

ती टेकणीवर जाऊन उभी राहिली आणि उजवीकडे निघाली. पडली. उठली. आता तिने वेग घेतलाच नाही. पहिल्यांदा उभं राहणारं लेकरू जसं पाऊल टाकतं तसं एकेक पाऊल टाकत, हात पसरून, ती रेघ धरू लागली. झाडणारा माणूस झाडू टेकून बघत राहिला. चंद्रभानला आपल्या बायकोचा हा चेहरा ठाऊकच नव्हता. तिच्या गालांवरचं पाणी वाळलं नव्हतं, आणि तरी ती कुठल्यातरी लांबच्या गोष्टीकडे बघून हसत होती.

"चारची गाडी निघून जाईन व," त्याने हाक दिली.

"जाऊ द्या."

ती पुन्हा आपटली. या वेळी पाव गोल झाला होता.

"अन् पाचची?"

"थे बी."

चंद्रभानने बाकाखालच्या तिच्या चपला उचलल्या, पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड बांधून टाकलं आणि तो निवांत बाकावर बसला.